शाल नको म्हणणाऱ्या भावाला काय सांगू?

या वेळचं पत्र थोडं आवरून देतेय, नावगाव काढून टाकलंय.

"ताई, मी एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात काम करते, वय २६. येत्या ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाचा कार्यक्रम करायचा असं आमच्या कमिटीने ठरवलंय आणि त्यात माझ्या धाकट्या भावाचा सत्कार ठेवलाय. तो लहानपणापासून व्हीलचेअरवर आहे, बीकॉम झालाय, घरी बसून अकाउंट्सची कामं करतो. शाल, श्रीफळ, 'जिद्दीला सलाम' असा बॅनर आणि नंतर फळवाटप. मला खरं तर आनंद झाला होता. पण भाऊ म्हणाला मी येणार नाही. वाचनालयाला पाच पायऱ्या आहेत, चार जण मला उचलून वर नेणार, शाल घालणार, परत उचलून खाली आणणार, आणि दुसऱ्या दिवसापासून मी बाहेरच. तुझ्या लायब्ररीतली पुस्तकं मी चार वर्षं तुझ्या पिशवीतून वाचतोय. हे ऐकल्यापासून मला झोप नाही. अध्यक्षांना सांगितलं तर म्हणाले, चांगल्या कामात खोडा घालू नका, रॅम्पचं नंतर बघू. आई म्हणते एका दिवसाचा तर प्रश्न आहे, त्याला समजाव. मी काय करू? त्याला तयार करू, की कार्यक्रमच रद्द करा म्हणू? आणि अजून एक, या लोकांच्या हक्कांचा इतिहास मुलांना सांगावा असं माझ्या मनात होतं पण मला स्वतःलाच त्यातलं काही माहीत नाही."

अगं, सरळ अगं-तुगं करतेय, वयाचा फायदा घेऊन.

मेन प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. भावाला तयार करू नकोस. तो रुसलेला नाहीये, त्याने तुमच्या अख्ख्या कार्यक्रमात काय चुकतंय ते चार वाक्यांत सांगितलंय, आणि ते पिशवीचं वाक्य तर मी दोनदा वाचलं. पण कार्यक्रम रद्दही करू नकोस, कारण हॉल, माईक, खुर्च्या, गावातली चार वजनदार माणसं आणि फोटो काढायला आलेला पत्रकार हे सगळं एका दिवशी एका जागी आयतं मिळतंय, असा दिवस वर्षातून एकदा येतो. तो फळवाटपात घालवायचा नाही एवढंच.

मी हे का सांगतेय तर मी स्वतः पोलिओवाली आहे, एका पायात कॅलिपर आणि काखेत कुबडी. दहावीला बरे मार्क पडले तेव्हा एका संस्थेने माझा सत्कार ठेवला. स्टेज माझ्या छातीएवढं उंच, बाजूला शिडीसारख्या उभ्या पायऱ्या. मी म्हटलं मी चढते हळूहळू, पाच मिनिटं द्या. पण सूत्रसंचालकाला घाई, प्रमुख पाहुण्यांना पुढे लग्नाला जायचं होतं. मग दोघांनी मला घडीच्या लोखंडी खुर्चीसकट उचललं, आणि अर्ध्यात ती खुर्ची मिटायला लागली. टाळ्या चालूच. मी एका हाताने स्कर्ट धरलेला आणि दुसऱ्या हाताने एका अनोळखी काकांची कॉलर. पाहुणे काय बोलले यातला एक शब्द आठवत नाही, ट्रॉफी कुठे गेली माहीत नाही, खुर्ची मिटत होती तो कर्र आवाज मात्र आजही जसाच्या तसा आठवतो. त्या लोकांच्या मनात वाईट काही नव्हतं गं. तुमच्या अध्यक्षांच्याही नसेल. पण मला काय हवंय हे त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नाही.

आता इतिहासाकडे येते, कारण तुझ्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग तोच आहे. तुला माहीत नाही यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या कानावर कायम लुई ब्रेल आणि हेलन केलर एवढंच येतं, म्हणजे एकेकटी, जिद्दी, संकटावर मात वगैरे केलेली माणसं (हेलन केलर कट्टर समाजवादी होत्या आणि बायकांच्या मताधिकारासाठी बोलत होत्या हे मात्र कुणी सांगत नाही). ज्यांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, कोर्टाच्या तारखा केल्या ते लोक गोष्टीतून गायबच. त्यामुळे पोरांना वाटतं की अपंग माणसाला जे काही मिळतं ते त्याच्या जिद्दीने नाहीतर कुणाच्या तरी दयेने.

तर या घे गोष्टी, तुला सांगता येतील अशा.

१९७७ मध्ये केंद्र सरकारने 'क' आणि 'ड' गटातल्या नोकऱ्यांमध्ये ३ टक्के आरक्षण दिलं. कागदावर. प्रत्यक्षात नोकऱ्या मिळेनात म्हणून १६ मार्च १९८० ला अंध तरुणांनी दिल्लीत मोर्चा काढला आणि पोलिसांनी त्यांच्यावर लाठीमार केला. यांच्या हातात पांढऱ्या काठ्या आणि समोरून लाठ्या, कुठून येतायत ते दिसतही नाही. हे सांगताना मुलांना अर्धा मिनिट डोळे मिटून बसायला सांग, बाकी काही बोलू नकोस.

मग जावेद अबिदी. अलिगढचा माणूस, जन्मापासून मणक्याचा आजार, व्हीलचेअर वापरायचा, पत्रकारितेचं शिक्षण घेतलेला. नव्वदच्या दशकात दिल्लीत त्याने वेगवेगळ्या प्रकारच्या अपंगत्वाच्या लोकांना एकत्र आणलं, आणि ही साधी गोष्ट नव्हती, कारण तोवर अंधांच्या संघटना वेगळ्या, कर्णबधिरांच्या वेगळ्या, प्रत्येकाचं दुकान वेगळं. अपंगांसाठीच्या कायद्याचं घोडं अडलेलं होतं. डिसेंबर १९९५ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, ही सगळी मंडळी व्हीलचेअर, कुबड्या, काठ्या घेऊन संसदेबाहेर जमली आणि काही दिवसांत विधेयक पास झालं. ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो कायदा लागू झाला. आपल्या देशातला अपंगांच्या हक्कांचा हा पहिला सर्वंकष कायदा, आणि तो आपोआप मिळालेला नाही.

याच्याच पुढची गोष्ट मला फार आवडते, जनगणनेची. १९८१ च्या जनगणनेत अपंगत्वाबद्दल प्रश्न होता, १९९१ च्या जनगणनेत तो गायब झाला. म्हणजे सरकारी हिशोबात आम्ही नव्हतोच. २००१ ला तो प्रश्न पुन्हा घाला म्हणून अबिदी आणि मंडळींनी भांडभांड भांडून तो घ्यायला लावला, आणि आकडा आला २ कोटी १९ लाख. २०११ ला २ कोटी ६८ लाख, त्यातले २९ लाखांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातले. जे मोजलंच जात नाही त्यासाठी बजेटमध्ये पैसे कुठून ठेवणार? हे लक्षात ठेव, पुढे तुला उपयोगाला येणार आहे.

आणि ही तर तुझ्या अध्यक्षांना जरूर सांग. जानेवारी २००१ मध्ये व्हीलचेअर वापरणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले होते. त्यांना दिल्ली बघायची होती, आणि अबिदींच्या लोकांनी पाठपुरावा केल्यावर पुरातत्त्व खात्याने चार ऐतिहासिक वास्तूंमध्ये लाकडी रॅम्प बसवले. शेकडो वर्षं जुन्या वास्तूंमध्ये! म्हणजे करायचं म्हटलं की होतं, फक्त पाहुणा मोठा पाहिजे. तुझा भाऊ पाहुणा नाही, रोजचा वाचक आहे, म्हणून त्याच्यासाठी "नंतर बघू".

२००४ ची लोकसभा निवडणूक पण अशीच, मतदान केंद्रांवर रॅम्प पाहिजेत म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. आज मतदान यंत्रावर ब्रेलमध्ये आकडे असतात, ते बघून आपल्याला वाटतं निवडणूक आयोग किती चांगला. असेल चांगला, पण आधी कुणीतरी दार वाजवलं होतं.

आणि जीजा घोष. कोलकात्याच्या कार्यकर्त्या, सेरेब्रल पाल्सी आहे त्यांना, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही. २०१२ मध्ये गोव्याला एका परिषदेला चालल्या होत्या, विमानात आपल्या सीटवर बसलेल्या असताना त्यांना खाली उतरवलं, का तर त्यांची तब्येत बरी दिसत नाही. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि २०१६ मध्ये कोर्टाने त्या विमान कंपनीला १० लाखांची भरपाई द्यायला लावली. तुझ्या कार्यक्रमात ही गोष्ट एखाद्या मुलीकडूनच सांगून घे, बघ कशी तावातावाने सांगेल.

सगळंच कोर्टकचेरीचं नको, आनंदाचं पण पाहिजे ना. तर आपले मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातले, लष्करात होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर अधू झालं. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक! पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सोनं, आपल्या मराठी माणसाचं. आणि पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मुलांना वजाबाकी करायला लाव, ४६ वर्षं. गावात पोहायला शिकलेली मुलं असतील तर ही गोष्ट त्यांना द्यायची. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्याबद्दलही कुणाला तरी बोलायला सांग, स्वतः व्हीलचेअरवरून त्यांनी १९८४ पासून अपंगांसाठी एवढी मोठी संस्था उभी केली.

बाहेरची एकच सांगते, कारण पोरांना ती भलतीच आवडते. १९७७ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला दीडशेच्या आसपास अपंग माणसं एका सरकारी बिल्डिंगमध्ये शिरली ती तीन आठवड्यांहून जास्त बाहेरच आली नाहीत, अपंगांशी भेदभाव नको म्हणणाऱ्या कायद्याचे नियम काढा मगच उठतो म्हणाली. आतले फोन बंद केले, तर आतली कर्णबधिर मंडळी खिडकीत उभी राहून खाणाखुणांच्या भाषेत बाहेरच्यांना निरोप द्यायला लागली. ज्यांना लोक बिचारे मुके-बहिरे म्हणायचे त्यांचीच भाषा त्या दिवशी कुणाला तोडता आली नाही.

बास. एवढ्या गोष्टी एका तासाला पुष्कळ झाल्या. मोठ्या माणसांची भाषणं ठेवू नकोस, सहा-सात मुलांना एकेक गोष्ट वाटून दे, प्रत्येकी चार मिनिटं, बालवाचक विभागातली पोरं असतीलच की तुझ्याकडे.

एक शब्दांचा घोळ मध्येच मिटवते. बॅनरवर दिव्यांग लिहायचं, अपंग लिहायचं, की विकलांग? २०१५ च्या शेवटी पंतप्रधानांनी दिव्यांग शब्द सुचवला, तेव्हापासून सरकारी कागदात सगळीकडे तोच आहे, अर्ज लिहिताना तू पण तोच वापर, उगाच तिथे वाद नको. पण बऱ्याच कार्यकर्त्यांना तो आवडत नाही, आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हाला देव पण नका करू आणि बिचारे पण नका करू, असं त्यांचं म्हणणं, माझंही. मी स्वतःला अपंग म्हणते. तुझ्या भावाला विचार तो काय म्हणतो, आणि तो जे म्हणेल ते बॅनरवर टाक. 'जिद्दीला सलाम' तेवढं काढ. माणूस पुस्तक वाचायला लायब्ररीत जातो त्याला जिद्द लागावी हाच तर प्रॉब्लेम आहे.

आता कामाचं. कार्यक्रम आत हॉलमध्ये घेऊ नकोस, अंगणात नाहीतर समोरच्या मोकळ्या जागेत जमिनीवर घे. स्टेज नको. सगळे एकाच लेव्हलला. कमिटीला कारण सांगायची गरज नाही, "गर्दी होईल, आत मावणार नाही" एवढं सांगितलं तरी चालतं (खोटं नाही ते, होऊ दे गर्दी). आणि कार्यक्रमाचा शेवटचा आयटम शाल-श्रीफळ नाही, टेप.

होय, मेजरिंग टेप. सगळ्या लोकांदेखत दोन मुलांनी त्या पाच पायऱ्या मोजायच्या. समजा एक पायरी सहा इंचाची, पाच पायऱ्या म्हणजे तीस इंच. व्हीलचेअरच्या रॅम्पचा नियम असा की एक इंच चढायला निदान बारा इंच लांबी. म्हणजे तीस इंचाला तीस फूट. इथे लोकांचे डोळे उघडतात, कारण आपल्याकडे रॅम्प म्हणजे काय तर पायऱ्यांच्या कडेला सिमेंटची सहा फुटांची घसरगुंडी, तिच्यावरून मोटरसायकल चढते, व्हीलचेअर नाही, आणि चढलीच तर उतरताना माणूस थेट रस्त्यावर. अशा रॅम्पवर मी कुबडीने एकदाच गेलेय, परत नाही. तर लांबी तीस फूट, रुंदी निदान चार फूट, दोन्ही बाजूंना धरायला कठडा, वर पोचल्यावर दारासमोर चेअर वळवायला पाच बाय पाच फूट सपाट जागा, आणि दार उघडल्यावर निदान तीन फूट मोकळं. उंबरा असेल तर तो पण मोज, लोक रॅम्प बांधतात आणि उंबरा तसाच ठेवतात. अंगणात तीस फूट सरळ जागा नसेल तर एल आकारात वळवता येतो, वळणावर सपाट टप्पा द्यायचा. आणि हे सगळं करण्याआधी बिल्डिंगला एक चक्कर मार, बऱ्याच जुन्या वाड्यांना बाजूचं नाहीतर मागचं दार असतं जिथे जमीन मुळातच उंच असते, तिथून दोनच पायऱ्यांचं अंतर निघालं तर काम निम्म्याहून कमी. फक्त ते दार मग सगळ्यांसाठी उघडं पाहिजे, "अपंगांनी मागून या" असं नको.

ते माप एका कागदावर लिहायचं, खाली अर्ज, आणि आलेल्या सगळ्यांच्या सह्या. तुझ्या कार्यक्रमाचं फलित म्हणजे हा कागद.

अर्ज कुणाला, तर बिल्डिंग कुणाची आहे त्यावर. नगरपरिषदेची असेल तर मुख्याधिकाऱ्यांना, ट्रस्टची असेल तर तुमच्याच कमिटीला आणि कॉपी नगरपरिषदेला. खासगी ट्रस्टची जागा आहे म्हणून सुटका नाही, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये सार्वजनिक इमारत म्हणजे सरकारी किंवा खासगी, जिथे लोकांचा वावर आहे ती कुठलीही. (हा कायदा पण गमतीशीर वेळी पास झाला, नोटाबंदीच्या गोंधळात अख्खं अधिवेशन वाहून गेलेलं आणि शेवटच्या दिवशी, १६ डिसेंबरला, लोकसभेत हा मंजूर. आधीच्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ झाले.) कलम ४४ म्हणतं की सोयी नसतील तर नव्या बिल्डिंगला परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही. कलम ४५ म्हणतं की जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे अपंगांनाही वापरता येतील अशा करायच्या. नियम निघाले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत २०२२ लाच संपली. अध्यक्ष "नंतर बघू" म्हणतायत ना, ते नंतर येऊन गेलं म्हणावं. आणि हे फक्त 'जमलं तर करा' टाइपचं नाही, राजीव रतुरी नावाच्या दृष्टिहीन माणसाने २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने ८ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट सांगितलं की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, काही गोष्टी सक्तीच्या करा. २००५ ते २०२४. आपल्याला चार महिने लागले तरी ते काहीच नाहीत त्यापुढे.

पैशाचं. आपल्या राज्यात ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिका सगळ्यांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो, आधी ३ टक्के होता. बऱ्याच ठिकाणी हा निधी मार्च जवळ आला की घाईघाईत वाटून टाकतात नाहीतर पडून राहतो. तुमच्याकडे काय झालं ते माहितीच्या अधिकारात विचार, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साध्या कागदावर अर्ज: मागच्या तीन वर्षांत ५ टक्के निधी किती जमला, किती खर्च झाला, कशावर, आणि गावात दिव्यांगांची नोंद किती. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तो नोंदीचा आकडा बघितलास की मी जनगणनेची गोष्ट का सांगितली ते कळेल. पण एक, रॅम्पचा खर्च या ५ टक्क्यांतून करतो असं नगरपरिषद म्हणाली तर गोड बोलून नकार द्या. तो पैसा माणसांच्या गरजांचा आहे, उपकरणं, औषधं, व्यवसाय. बिल्डिंग नीट करणं ही बिल्डिंगवाल्याची जबाबदारी, ते बांधकामाच्या पैशातून. माझं तरी हेच मत, काही जण म्हणतात कुठूनही होऊ दे, एकदाचा होऊ दे.

३ डिसेंबरची तारीख या कामाला भारी आहे, कारण नगरपरिषदेचं बजेट जानेवारी-फेब्रुवारीत ठरतं. डिसेंबरात अर्ज, लगेच पोच (पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही, शिक्का आणि तारीख), जानेवारीत नगरसेवकाला भेट. तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला कार्यक्रमाला बोलाव, पण बोलायला नाही, मोजायला. टेपचं एक टोक त्यांच्या हातात दे. फोटो छान येतो, आणि स्वतः मोजलेल्या पायऱ्या विसरता येत नाहीत.

अर्जावर काही हललं नाही तर तालुक्याला तिसऱ्या सोमवारी लोकशाही दिन असतो, अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात, तिथे जा. प्रत्येक सरकारी आस्थापनेत या कायद्याखाली तक्रार निवारण अधिकारी नेमलेला पाहिजे, त्याचं नाव विचार, बहुतेक जण तुझ्या तोंडाकडे बघतील, मग तेच लेखी विचार. आणि तरीही नाही झालं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार, वकील लागत नाही, पोस्टाने पाठवली तरी चालते, आणि सुनावणीत त्यांना दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात. दंडाची तरतूद पण आहे, पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत आणि परत परत केलं तर ५० हजार ते ५ लाख. पण पहिल्याच भेटीत दंडाची भाषा करू नकोस. गावात राहायचंय तुला, नोकरी पण तिथेच आहे. पहिली भेट चहाची.

म्हणजे अध्यक्षांशी बोलायचं ते असं, मी लिहूनच देते: "सर, कार्यक्रम आपण करूच, फक्त या वर्षी सत्काराऐवजी रॅम्पचा संकल्प जाहीर केला तर? तुमच्या काळात झालं असं नाव राहील." झालं. खोडा वगैरे शब्द त्यांच्या तोंडात परत येणार नाही. शिवाय त्यांना हळूच विचार की सकाळी पेपर वाचायला येणारी ज्येष्ठ मंडळी गेल्या पाच वर्षांत किती कमी झाली. त्यांच्या गुडघ्यांना पण त्याच पाच पायऱ्या आहेत. त्यांच्या सह्या तुला आधी मिळतील बघ.

आणि पुढचा नंबर जवळच्या शाळेचा लाव, जिथे मतदान केंद्र असतं ती. तिथला रॅम्प पक्का झाला तर निवडणूक आली की मतदाराला आणि रोज एखाद्या मुलाला उपयोग, त्यामुळे मुख्याध्यापक आणि तहसीलदार दोघांकडे तोच अर्ज देता येतो. भावाचं नाव मतदार यादीत दिव्यांग म्हणून नोंदलेलं आहे का ते पण बघून घे, नसेल तर निवडणूक आयोगाच्या ॲपवर नोंदवता येतं.

आता भावाबद्दल, हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. हे सगळं वाचून तू उत्साहात त्याच्याकडे जाशील आणि म्हणशील, चल, तूच पुढारी हो. थांब. आमच्या चळवळीत एक घोषणा आहे, आमच्याबद्दलचं काहीही आमच्याशिवाय नको. त्याचा अर्थ प्रत्येक अपंग माणसाने झेंडा घेऊन फिरायचं असा नाही. त्याला कदाचित नुसती पुस्तकं वाचायची असतील, जशी तुझ्या इतर सभासदांना वाचायची असतात. त्याला अर्ज दाखव, माप बरोबर आहे का विचार, व्हीलचेअरचं त्याच्याइतकं कुणाला कळणार, आणि त्याला यायचं असेल तर येईल, नसेल तर घरी मॅच बघेल. गावात अजून कोण कोण आहे ते शोध. पाय अधू असलेली पण घरोघरी पोळ्या लाटून देणारी, कानाला मशीन लावणारी, थॅलेसेमियाचं रक्त चढवायला दर महिन्याला जिल्ह्याला जाणारं एखादं पोर (हो, थॅलेसेमिया पण त्या २१ मध्ये आहे), असे चार-पाच जण जमले तर नियोजनाच्या मीटिंगला त्यांना बसव, फक्त कार्यक्रमाला नाही.

आईला म्हण, एका दिवसाचा प्रश्न नाहीये आई, उरलेल्या ३६४ दिवसांचा आहे. नाही पटलं तर सोडून दे, आयांना लेकरांच्या अंगावर शाल बघायची असते, माझ्याही आईने तो फोटो फ्रेम करून ठेवला होता, खुर्ची मिटतानाचा नाही, त्याच्या आधीचा.

टेप पोलादी घे, शिंप्याची कापडी नको, ती ताणली जाते आणि तीस फुटांत तेवढा फरक पडतो. माप काढलंस की कळव, बाजूच्या दाराचं काय निघालं ते पण.